सुदामच्या गाडीची रबरी टोपी

सुदाम, मरायलाही तू माझ्या आधी नंबर लावलास.

मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. गुडघे माझे गेले, एक डोळा माझा अधू झाला, बायको जाऊन मला सहा वर्षं झाली. जायचा हक्क माझा होता. आणि गेलास तू. सकाळी चहा घेतला, भिंतीला पाठ टेकवली आणि संपलं. तुझी बायको, इंदूवैनी, सांगत होती, "भाऊजी, कप बी हातातून पडला नाई." ते ऐकून मला रडू आलं, पण त्याच्याही आधी हेवा वाटला. माझी पारबता सात महिने अंथरुणात झिजली. तुला एक कप चहाएवढा वेळ लागला.

मयतीला माणसंही तुझ्याकडेच जास्त. खाणीतले लोक ड्यूटी बदलून आले. ट्रकवाले रस्त्याच्या कडेला ट्रक लावून खाली उतरले. मी मागे उभा राहून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, माझ्या वेळी याच्या निम्मेही येणार नाहीत. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट. सुदामचा हात. चाक उघडावं तर सुदामनं. अरे, तिथे मीही उभा होतो बे. त्याच टिनाखाली सारी उमर मीही चाकं उघडली. माझ्या हाताचं कोणी नाव घेतलं नाही.

तुझी सुनीता पुसदला शाळेत शिकवते, म्हणून तिला सगळं कागदावर पाहिजे. तिनं मला वही आणि पेन आणून दिला. म्हणाली, "काकाजी, तेरवीले बाबाबद्दल तुमी वाचून दाखवा. जन्म कुठं झाला, काय शिकला, ते मी लिहिते. तुमी तुमचं लिहा."

मी म्हटलं, "पोरी, मी चौथी शिकलो."

"बाबा तं तिसरीच शिकला होता," ती म्हणाली.

तेवढ्या एका गोष्टीत मी तुझ्या पुढे निघालो, म्हणून बसलो लिहायला. बोलतो तसं लिहावं की शाळेत गुरुजींनी शिकवलं तसं, हे काही कळेना. जसं येईल तसं लिहितो. तुला आवडणार नाही असंही लिहिणार आहे. तू आता मधे बोलू शकत नाहीस, हा एक फायदा आहे.

ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, तुला तर ठाऊकच आहे. वणीहून राजूरकडे जाताना रस्त्याला आपलं टिनाचं शेड. मधे एक बांबू रोवलेला. बांबूच्या उजवीकडे तू, डावीकडे मी. गिऱ्हाईक गाडी घेऊन यायचं, बांबूसमोर थांबायचं, आणि खाली उतरायच्या आधी त्याची मान उजवीकडे वळायची. ती मान मी आयुष्यभर बघितली. तुझ्याकडे तीन गाड्या उभ्या असल्या तरच माणूस माझ्याकडे यायचा, आणि माझं काम चालू असताना त्याचा डोळा बांबूच्या पलीकडे.

या रस्त्याला कोळशाची धूळ. ती मोटारसायकलच्या पुढच्या चाकात शिरते, त्यावर पावसाचं पाणी लागलं की एक्सल गंजून आत धरून बसतो. एक्सल म्हणजे चाकाच्या पोटातून आरपार गेलेला लोखंडी दांडा. त्याच्यावर दोन्हीकडे बेरिंग बसतात आणि चाक फिरतं. टोकाला आटे असतात, त्यांच्यावर नट आवळायचा. एवढंच. पण हा दांडा काढण्यावरून तू आणि मी जेवढे भांडलो, तेवढे दोन भाऊ शेताच्या धुऱ्यावरून भांडत नाहीत.

माझी रीत सोपी होती. नट काढायचा, हातोडा घ्यायचा, एक्सलच्या तोंडावर ठोका द्यायचा. नाही निघाला तर अजून जोरात. तुझी रीत बघून मला कंटाळा यायचा. चाक जमिनीवर असतानाच तू नट थोडा सैल करायचास. मग गाडी स्टँडवर, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा, चाक बोटभर वर. ब्रेकची वायर, मीटरची वायर सोडून बाजूला. जो वायसर निघेल, जो बुश निघेल, तो निघाल्या क्रमानं सुतळीत ओवायचा, बाया मिरच्या ओवतात तसा. आणि मग तुझी ती खोड. चप्पल काढून चाकाखाली पाय घालायचास आणि पायानंच चाक इतकंसं उचलून धरायचास. उचललं की एक्सल दोन बोटांनी गोल फिरवत बाहेर ओढायचास. बहुतेक वेळा तो यायचाही, भाकरीतून वाफ यावी तसा.

"त्याच्यावरचं वजन काढ ना बे आधी," तू म्हणायचास. "ज्याच्या डोक्यावर बोजा हाय त्याले नुसतं चल चल म्हणून तो कसा चालन?"

"ठोकल्याबिगर लोखंड निघत नाई."

"निघते. तुले दम नाई."

"माह्या गिऱ्हाईकाले ड्यूटीवर जायचं रायते."

"अन् आटे चेपल्यावर कुठी जाईन तो? तुह्या घरी? अन् आयक, तो ठोका आतल्या बेरिंगलेही लागते. आज नाई वाजत. महिन्यानं वाजते."

यावर मी तुझं तोंड बघून घ्यायचो आणि अजून एक ठोका द्यायचो.

पारबता दुपारी माझा डबा घेऊन यायची. येता-जाता आपलं हे भांडण तिच्या कानावर पडायचं. एक दिवस ती डब्याबरोबर घरची जुनी मोगरी घेऊन आली, बाभळीची, कपडे धुऊन अर्धी झिजलेली. मला म्हणाली, "हे घ्या. ठोकायचंच हाय तं लाकडानं ठोका. दोन लोखंडं भिडली तं एक फाटनच ना."

शेडात चार माणसं होती. मी हसलो. म्हटलं, "आज मोगरी आणली, उद्या पोळपाट आणजो." चारही माणसं हसली. पारबतानं मोगरी काखेत मारली आणि घरी निघून गेली. तू हसला नाहीस. त्या दिवशी मला तिच्या बोलण्याचा राग नव्हता आला, सुदाम. तू हसला नाहीस, याचा आला होता.

आता शेषराव दूधवाल्याची गोष्ट. तेरवीला तो समोरच बसलेला असेल, म्हणून नाव घेऊनच लिहितो.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. सकाळी त्यानं तुझ्याकडे गाडी लावली, तुझ्या गाडीसारखीच गाडी, पुढचा टायर बदलायला. जाताना तुला बोलला, "तूच उघडजो, सुदाम. दुसऱ्या कोणाचा हात नोको लागू देऊ." दुसरा कोण ते त्यानं सांगितलं नाही. बांबूच्या या बाजूला मी एकटाच होतो. तू टायर आणायला वणीला गेलास. मी शेषरावच्या गाडीकडे बघत बसलो. मला वाटलं, तू यायच्या आत चाक काढून भिंतीला लावून ठेवतो. बघू दे लोकांना.

आणि बांबू ओलांडून मी तुझ्या बाजूला गेलो.

नट निघाला. एक्सल हलेना. मी ठोका दिला, अजून दिला. चौथ्या-पाचव्या ठोक्याला एक्सल निघाला, पण त्याचं तोंड छत्रीसारखं पसरलं होतं आणि आटे चेपून सपाट झाले होते. नट लावून बघितला, तो एक फेरासुद्धा चढेना. मी एक्सल तुझ्या गोणपाटावर ठेवला, हातोडा जागेवर ठेवला, माझ्या बाजूला आलो आणि एक साफ असलेला कार्बोरेटर परत साफ करायला घेतला. मान वर केली तेव्हा रस्त्यापलीकडच्या निंबाखाली पारबता डबा घेऊन उभी. ती केव्हापासून उभी होती, ते मला आजही माहीत नाही.

तू टायर खांद्यात अडकवून आलास, आणि कोणाच्या तरी मागे बसून शेषरावही त्याच वेळी आला. त्यानं आधी बघितलं.

"हे काय बे? कोणं केलं हे?"

तू वाकलास. एक्सल उचलून तोंडाकडून बघितलास. माझ्या हातोड्याच्या कडेचा टवका उडालेला आहे, म्हणून त्याचा ठोका बसला की लोखंडावर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. ती तू लगेच ओळखलीस. तू माझ्या हातोड्याकडे बघितलंस. माझ्याकडे बघितलं नाहीस.

"माह्या हातून झालं," तू म्हणालास. "वणीले जाच्या आधी घाई केली. संध्याकाळी गाडी ने, दुसरा एक्सल टाकून देतो."

"तुह्या हातून?"

"माणसाचाच हात हाय ना बे."

मी कार्बोरेटरात डोकं घालून बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. लाज वाटली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण वाटला तो राग. पारबतासमोर तू इथेही माझ्यावर मात केलीस, असं वाटलं. पुढे दोन-तीन महिने शेषराव दुधाबरोबर घरोघरी सांगत फिरला की सुदामचा हात आता गेला. काही माना डावीकडे वळल्या. ती गिऱ्हाईकं मी घेतली, सुदाम. मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पारबता डबा घेऊन आली तेव्हा काखेत मोगरी होती. माझा डबा माझ्यासमोर ठेवला, बांबू ओलांडून गेली आणि मोगरी तुझ्या हातात दिली. "सुदामभाऊ, हे तुमी ठेवा. आमच्या इथं लोखंडाले लोखंडच लागते." तू दोन्ही हातांनी घेतलीस. कधी एखादा एक्सल फारच अडला तर तू तिच्यानं हलके हलके ठोकायचास. टक, टक, घरात कोणी झोपलेलं असावं तसं. त्या आवाजावर माझी भाकर कडू व्हायची. माझ्या बायकोची वस्तू, तुझ्या हातात.

पारबता मला काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. ताटात भाकर पडायची तशी पडत राहिली. फक्त माझ्या स्वतःच्या गाडीचं पुढचं चाक काढायचं झालं की म्हणायची, "सुदामभाऊकडं न्या." माझीही गाडी तुझ्यासारखीच, तू घेतलीस म्हणून मी पुढच्या महिन्यात तीच घेतली होती. पण तिचं पुढचं चाक शेवटपर्यंत तूच उघडलंस.

मोगरी तुझ्याकडे आली त्याच आठवड्यात तुझी गाडी दोन दिवस पुढच्या चाकाबिगर उभी होती आणि तू पायी घरी जात होतास. दिवसभर बसून तिकोनी कानशीनं काहीतरी घासत होतास, घासायचं, फिरवायचं, फुंकायचं. मला वाटलं कोणाचं तरी काम असेल. तिसऱ्या दिवशी तुझी गाडी चाकावर उभी राहिली, आणि एक्सलच्या नटावर एक काळी रबराची टोपी.

"काय बे," मी म्हटलं, "गाडीले सर्दी झाली काय?"

"धूळ लय हाय, किसन्या. झाकलेलं बरं."

टोपीवाली गाडी हे नाव मीच पाडलं. मग ते राजूरपर्यंत गेलं.

पारबताच्या आजारपणात तू रोज यायचास. उंबऱ्याच्या आत कधी आला नाहीस, दारातूनच विचारायचास, "कसं हाय, वैनी?" एकदा ती तुला म्हणाली, "सुदामभाऊ, माह्या मागं यांच्या चाकाकडं पाहत जाजा." मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिचं पाणी मी भरत होतो, पाठ मी चोळत होतो, आणि सांगणं तुला. तिच्या तोंडून मला एकदा ऐकायचं होतं की तुमचा हात चांगला हाय. मी सात महिने वाट बघितली. ती गेली, आणि मी महिनाभर तुझ्याशी बोललो नाही. तू ते तिच्या दुःखावर टाकलंस. दुःख होतंच. पण मला असं वाटायचं की तुम्हा दोघांना काहीतरी ठाऊक आहे आणि मी त्याच्या बाहेर बसलो आहे.

परवा सुनीता म्हणाली, "काकाजी, बाबाची गाडी मी पुसदले नेणार हाय. पुढचं चाक घरघर करते. तुमीच उघडून देता काय? दुसऱ्या कोणाच्या हाती नाई द्यावं वाटत." आणि तुझ्या पेटीतून तिनं मोगरी काढून दिली. "हे काकूचं हाय म्हणे."

हातात घेतली. मूठ झिजून तिला खाचा पडल्या आहेत, त्या तुझ्या बोटांच्या. माझी बोटं त्यात बसत नाहीत. पारबताची मोगरी, आणि पकड तुझी. तेव्हाही मला हेवाच वाटला, तू गेल्याच्या आठव्या दिवशी.

पण काम तुझ्या रीतीनं केलं. नट जमिनीवरच सैल करायचा म्हणून आधी ती टोपी ओढून काढली आणि बाजूला ठेवली. नट धुळीनं, ग्रीसनं माखलेला, खालचं काही दिसत नव्हतं. गाडी स्टँडवर घेतली, ठोकळा लावला, वायरी सोडल्या. वायसर सुतळीत ओवले. चप्पल काढली, गुडघा ओरडला तरी पाय चाकाखाली घातला आणि वजन उचललं. अडलं होतं, म्हणून मोगरीनं दोनदा टक टक केलं. एक्सल दोन बोटांवर बाहेर आला. बेरिंग चांगले होते, फक्त ग्रीस धुळीनं दगड झालं होतं. मी एक्सल घासलेटात धुतला, फडक्यानं पुसला आणि उजेडात धरला.

तोंडावर चंद्रकोर.

आटे एकेक करून कानशीनं परत काढलेले. पसरलेली कड गोल घासलेली. तोंडावरची खूण मात्र खोल होती, ती घासून गेली नव्हती. शेषरावला तू तुझ्या गाडीचा चांगला एक्सल दिलास, आणि मी मारलेल्या एक्सलवर तू बावीस वर्षं बसून फिरलास. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही ती खूण दिसली असती आणि माझा हातोडा ज्यानं बघितला त्याला समजली असती. म्हणून टोपी.

टोपी परत उचलून बघितली. ते काठीच्या बुडाचं रबर आहे. बाजूला दाभणानं पाडलेलं भोक आहे. माझी माय काठीचं रबर हरवू नये म्हणून भोक पाडून त्यात सुतळी बांधायची. माय गेल्यावर काठी कोपऱ्यात उभी असायची आणि एक दिवस तिचं रबर दिसेनासं झालं. पारबता म्हणाली होती, उंदरानं नेलं असंन.

सुनीतानं विचारलं, "काकाजी, बरं वाटत नाई काय?"

मी म्हटलं, "चष्म्यात ग्रीस गेलं."

म्हणजे तुम्हा दोघांचं खरंच काही होतं, सुदाम. ते हे होतं. तू माझं झाकलंस आणि तिनं झाकायला घरातलं रबर आणून दिलं. दोघांपैकी एकानंही मला कळू दिलं नाही, आणि मी त्याच टोपीवर लोकांना हसवत राहिलो. आभार मानावेत म्हणून इथपर्यंत लिहीत आलो. मानतो. पण हेवा काही जात नाही. एवढ्या मोठ्या कामात तिनं तुला बरोबर घेतलं, मला नाही.

माझी गाडी अंगणातच उभी होती. मी तिचंही पुढचं चाक उघडलं. माझा एक्सल चांगला आहे, कारण त्याला आजवर तुझाच हात लागला. तो ग्रीस लावून तुझ्या गाडीत घातला. सुनीता आता चांगल्या एक्सलवर शाळेत जाईल. आणि चंद्रकोरीचा एक्सल माझ्या गाडीत बसवला. टोपी नाही घातली. ती पारबताच्या फोटोखाली ठेवली आहे.

शेषराव, तू हे ऐकत असशील. तुझा एक्सल सुदामनं नाही खराब केला. मी केला. गाडी दारातच लावली आहे. जेवण झाल्यावर पुढच्या चाकाजवळ वाक आणि बघ, मग माझा हातोडा बघ. आणि बावीस वर्षांपूर्वी ज्या ज्या घरी दुधाबरोबर सांगितलंस, त्या त्या घरी आता हे सांग.

सुदाम, अंगणात दोन चाकं उघडली. दोन्हींचे आटे शाबूत, बेरिंगला धक्का नाही. हातोड्याला हात लावला नाही. एवढं एक काम मी जन्मात तुझ्यासारखं केलं आणि बघायला तू नव्हतास, तीही नव्हती. तिकडे पारबता भेटली तर एवढं सांग तिला. माझ्या तोंडानं सांगायचं होतं, पण तिच्याकडेही तूच आधी पोचलास.